कुत्र्यासाठी रांधताना

आमच्या घरी रव्याच्या लाडवावर बेदाणा लावायचे काम नेहमी सर्वांत धाकट्या मुलाकडे असते. लाडू वळून झाला की तो कोमट असतानाच मूल हात पुढे करते, त्याच्या माथ्यावर एक बेदाणा बोटाने दाबते आणि लाडू ताटात ठेवते. माझ्या लहानपणी हे काम माझ्याकडे होते. गेल्या दिवाळीत ते माझ्या धाकट्या मुलीकडे होते. लाडू झाले आणि वाटीत मूठभर बेदाणे उरले. उंबऱ्याबाहेर मोत्या बसला होता. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, कोणत्याही जातीचा नव्हे असा आमचा कुत्रा. मुलीने विचारले, "आई, मोत्याला देऊ?" माझे लक्ष दुसऱ्या पाकाकडे होते. मी "दे" म्हटले. इतकेच नव्हे, तर वळताना फुटलेले दोन लाडूही मी माझ्या हाताने त्याच्यापुढे ठेवले. सणाच्या दिवशी दारच्या मुक्या जिवाचेही तोंड गोड व्हावे, असे मला अगदी मनापासून वाटले होते.

त्या रात्री मोत्या ओकला. दुसऱ्या दिवशी तो नुसता पाणी पीत राहिला आणि पुन्हा ओकला. फटाक्यांना घाबरला असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पोट चाचपले आणि एकच प्रश्न विचारला, "काय खाऊ घातले होते?" मी सांगत गेले. बेदाण्यांपाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली. पहिल्या दोन-तीन तासांत आणला असता, तर ओकारी करवून आणि सलाईन लावून काही करता आले असते, असे ते म्हणाले. आता मूत्रपिंडांनी काम सोडले होते. कुत्र्याला डायलिसिस करण्याची सोय मोठ्या शहरांतच. भाऊबीजेच्या पहाटे मोत्या गेला. आम्ही त्याला परसात, शेवग्याच्या झाडाखाली पुरले.

शेजारच्या आजी समाचाराला आल्या. कुत्र्याच्या समाचाराला कोणी येत नाही. त्या आल्या, हे मी विसरणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाई, जिवाले लावून नका घेऊ. तुमी काय जहर देलं का? लाडूच तं देला नं."

हे वाक्य ऐकून त्या दिवशी मला बरे वाटले. पुढे मात्र तेच वाक्य मला छळू लागले. जहर नव्हे, लाडू दिला हे खरे. पण मोत्याच्या पोटाला तो भेद कळला नाही. माझ्या मनात जे होते ते माझ्या मनातच राहिले, त्याच्या पोटात गेला तो बेदाणा. मग माझ्या त्या मनापासून वाटण्याची किंमत काय धरायची? ज्या कृत्यात हेतू निर्मळ, हात प्रेमाचा आणि फळ मरण, ते कृत्य कोणत्या खात्यावर मांडायचे? कुत्र्याला काय खाऊ घालावे हा काही दिवाळी अंकात मांडण्याजोगा प्रश्न आहे का, असे एखादा वाचक विचारील. मला तर तो गेले वर्षभर दुसऱ्या कोणत्याही प्रश्नापेक्षा जवळचा वाटत आला आहे.

त्यात आणखी एक गोम आहे. मोत्याच्या आधी आमच्याकडे दोन कुत्री होऊन गेली. त्यांनाही मी दिवाळीचे लाडू घातले होते, बेदाण्यासकट. त्यांना काही झाले नाही. डॉक्टरांनी सांगितले ते असे की, द्राक्षे आणि बेदाणे काही कुत्री खातात नि पचवतात, काही कुत्र्यांची मूत्रपिंडे मात्र थोडक्यानेही निकामी होतात. कोणत्या कुत्र्याचे काय होईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणजे त्या दोन दिवाळ्यांतही मी तेच केले होते जे तिसऱ्या वेळी केले. त्या वेळी मी प्रेमळ धनीण ठरले आणि या वेळी अपराधी. माझ्यात तसूभरही फरक पडला नव्हता. फरक पडला तो कुत्र्याच्या शरीरात. याचा अर्थ एवढाच की, अपराध असला तर तो तिन्ही वेळा झालेला होता. दोन वेळा त्याचे बिल आले नाही.

अपराध झाला असेल तर तो कोणता, हे शोधताना मला माझे बालपण आठवले.

माझ्या लहानपणी आमचा वाशीम अकोला जिल्ह्यात होता. निराळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. गल्लीत एखादी कुत्री व्याली की आम्हा पोट्ट्यांना दुसरे काम सुचत नसे. आम्ही घरोघर फिरून पीठ, गूळ आणि पळीभर तेल गोळा करीत असू. तीन धोंड्यांची चूल मांडायची, कोणाच्या तरी परसातले जुने घमेले घासूनपुसून वर ठेवायचे आणि बाळंतिणीसाठी शिरा करायचा. अर्धा शिरा करणाऱ्यांच्याच पोटात जात असे, ही गोष्ट निराळी. पण मला त्यातली एक म्हातारी आठवते. ती आपल्या ओट्यावरून आमच्या घमेल्यावर नजर ठेवून असे आणि ओरडून सांगे, "लई गोड नका करू रे, पिल्लं हगतीन!" गुळाचा खडा जास्त पडला तर ती उठून येई आणि आमच्या हातातून काढून घेई. निवल्याशिवाय शिरा कुत्रीपुढे ठेवू देत नसे.

त्या वेळी ती आम्हाला कंजूष वाटली. आता वाटते, त्या सगळ्या दानधर्मात तेवढी एकटी म्हातारीच त्या कुत्रीचा विचार करीत होती. आम्ही आमच्या पुण्याचा विचार करीत होतो, किंवा आमच्या गमतीचा. तिने शास्त्र वाचले नव्हते. पन्नास वर्षे कुत्री व्यालेली, पिल्ले जगलेली आणि मेलेली तिने पाहिली होती. तिची विद्या ज्वारीचे पीठ, गूळ, तेल, ताक, शिळी भाकर एवढ्या पदार्थांपुरती पुरी होती. बेदाणा, चॉकलेट, साखरेऐवजी घातलेल्या गोड पावडरी हे पदार्थ आमच्या घरांत मागाहून आले. ते दुकानातून आले, जाहिरातीतून आले, पाहुण्यांच्या पिशवीतून आले. पण त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी आली नाही.

आपल्याकडे दानाविषयी बोलणे पुष्कळ झाले आहे. वैश्वदेवात कावळ्याचा आणि कुत्र्याचा भाग काढावा आणि तो जमिनीवर हलकेच ठेवावा, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याच ओळीत समाजाने बाहेर टाकलेली माणसेही कुत्र्याच्या शेजारी बसवली आहेत, आणि ते वाचताना तोंडातला घास फिरतो. तो भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. ठेवायचे कसे हे तिथे सांगितले आहे; काय ठेवायचे आणि ते खाणाऱ्याला मानवेल का, हे विचारलेले नाही. आमच्या जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायाच्या या गावी दत्ताच्या तसबिरींना तोटा नाही, आणि प्रत्येक तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. त्यांना चार वेद म्हणतात. मी कित्येकदा त्या चौघांकडे पाहून नमस्कार केला आहे. परंतु वेद म्हटले की त्यांना भूक लागण्याचा प्रश्न उरत नाही, आणि भूक नसलेल्या कुत्र्याला खाऊ घालणे सर्वांत सोपे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर हिमालयात चालत गेलेल्या कुत्र्याला वाटेत काय मिळाले, तेही कोणी लिहून ठेवलेले नाही.

नामदेवांची गोष्ट मात्र निराळी आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. सर्वांभूती परमेश्वर पाहावा, हे तिचे तात्पर्य मुले पाठ म्हणतात. मला तिच्यातला निराळाच धागा आवडतो: नामदेवांनी घेणाऱ्याकडे पाहिले. आपली पोळी गेली हे पाहिले नाही, ती कोरडी आहे हे पाहिले. यंदा ही गोष्ट सांगताना मात्र मी तुपाच्या वाटीपाशी अडखळले. कारण आपल्याच भाषेत एक म्हण आहे, कुत्र्याला तूप पचत नाही अशी. ही म्हण आपण वापरतो ती माणसाला हिणवण्यासाठी. कोणाला चार दिवस बरे आले की त्याच्या पाठीमागे म्हणतो. वस्तुतः ती साधी आहाराची सूचना आहे. कुत्र्याच्या पोटात एकदम पुष्कळ स्निग्ध गेले तर त्याच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि तो त्या वेदनेने मरूही शकतो. तळणीचे तेल, मटणाची चरबी, तुपात थबथबलेला शिरा, सगळ्यांचा हाच धोका. एका बाजूला संत, एका बाजूला म्हण; आणि तुच्छतेने बोलणारी म्हण देहाविषयी खरे बोलून गेली. नामदेवांचे प्रेम आणि त्या म्हणीचे ज्ञान एका हातात यायला हवे होते, ते आपल्याकडे दोन निरनिराळ्या तोंडांत राहिले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान देश, काळ आणि पात्र पाहून करावे असे सांगितले आहे. पात्र म्हणजे योग्यता, असा अर्थ आम्हाला शिकवला गेला. घेणारा लायक आहे का ते पाहा. मी मॅट्रिक झालेली बाई, संस्कृत मला शाळेपुरते येते. पण पात्र म्हणजे भांडेही, एवढे मला ठाऊक आहे. आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणत्याही बाईला भांडे पाहणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. ताक चांगले, पितळही चांगले. दोघांची गाठ पडली की विष. कोणी पितळेला नालायक म्हणत नाही, की ताकाला दोष देत नाही. दोष द्यायचाच तर तो भांडे न पाहता ताक ओतणाऱ्या हाताला. मोत्याच्या बाबतीत मी लायकीच्या अर्थाने पात्र पाहिले होते. तो भला होता, इमानी होता, त्याला लाडू मिळायलाच हवा होता. भांड्याच्या अर्थाने मी पाहिले नव्हते.

हे भांडे कसे आहे, याचा शोध मी मग वर्षभर घेतला. जे वाचायला मिळाले ते वाचले, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडले. पहिली गोष्ट कळली ती आनंदाची. लांडगा आणि कुत्रा एका वंशाचे. पण कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या रसाची जनुके लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे माणूस शेती करू लागला, धान्य शिजवू लागला, आणि त्याच्या उकिरड्यापाशी बसून बसून कुत्र्याचे आतडेच बदलले. भाकर पचवता येणे, हीच त्याची आपल्याशी सोयरीक. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना ही गोष्ट ऐकून बरे वाटावे.

पण ही सोयरीक भाकरीपुरती आहे, भाकरीबरोबरच्या कांद्यापुरती नाही. कांदा आणि लसूण यांतील द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, कोणताही कांदा याला अपवाद नाही. गोचीड पडावेत म्हणून कुत्र्याला लसूण चारणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि तीही प्रेमानेच चारतात. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते, कुत्र्याच्या शरीरात ते तासन्‌तास राहून हृदयाला धडका देते. मधुमेही माणसासाठी केलेल्या काही गोळ्यांत आणि मिठायांत झायलिटॉल नावाची साखर असते. तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि यकृतही जाऊ शकते. श्रीखंडातले, पुरणातले जायफळ जास्त झाले तर तेही विषच.

बेदाण्याचे कोडे तर मोठे चमत्कारिक रीतीने सुटू लागले. द्राक्षांतले नेमके काय मारते, हे वीस वर्षे कोणाला सांगता येत नव्हते. मग अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा-केंद्रातील डॉक्टरांकडे एक कुत्रा आला. त्याने मुलांच्या खेळण्यासाठी घरी भिजवलेला कणकेचा रंगीत गोळा खाल्ला होता, आणि त्याची मूत्रपिंडे बेदाणे खाल्ल्यासारखीच बिघडली होती. त्या गोळ्यात टार्टारिक आम्लाचा क्षार घातला होता. द्राक्षांतही तेच आम्ल असते. हाच तो गुन्हेगार असावा, असे त्या डॉक्टरांनी २०२१ साली मांडले. हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण टार्टारिक आम्ल आणखी कशात भरपूर असते, ते त्याच पानावर होते: चिंचेत. चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांचीही नोंद त्यांनी केली होती. आमच्या घरी रोजची आमटी चिंच-गुळाची. उरलेली आमटी भातात कालवून मोत्याच्या थाळीत जात असे. मी त्याला दिवाळीतच नव्हे, रोज थोडे थोडे अजमावून पाहत होते.

आणि हे सारे मोत्या आवडीने खात होता, ही यातली सर्वांत कठीण गोष्ट. मांजराला गोडाची चवच नसते. कुत्र्याला ती असते, म्हणून तो लाडवासाठी शेपूट हलवतो. त्याची जीभ आपल्यासारखी आणि मूत्रपिंडे निराळी. जिभेवरून आपण त्याला ओळखले आणि फसलो. शिवाय त्याला नको म्हणता येत नाही. भिकाऱ्याला शिळे दिले तर तो निदान आपल्या दाराकडे पाहून थुंकू शकतो. पाहुणा पथ्य सांगतो. मूल तोंड फिरवते. कुत्रा मात्र तुमच्या हातून आले म्हणजे खाण्याजोगेच असणार, असे धरून चालतो. हजारो वर्षांत त्याच्या शरीराने पिष्ट पचवायला शिकले आणि त्याच्या मनाने संशय घेणे सोडले. ज्याने संशय घेणे सोडले त्याच्या वाटचा संशय कोणी तरी घ्यायला हवा. मला वाटते, तो घास देणाऱ्यानेच घ्यायला हवा. मी विचारते त्या अपराधाचे नाव हेच असावे. क्रूरपणा नाही, निष्काळजीपणाही पुरता नाही. प्रेम आहे म्हणजे चौकशीची गरज नाही, असे समजणे.

"कुत्र्याच्या जातीले काई होत नाई," असे आजी पुढे एकदा म्हणाल्या होत्या. हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात बोलले जाते आणि त्याच्यामागे एक चांगला संस्कार आहे, अन्न टाकू नये हा. भाकरीला बुरा आला, शेंगदाणे खवट झाले, भात आंबला की ते टाकून देण्याचे पाप नको म्हणून आपण कुत्र्याला घालतो. टाकण्याचे पाप टळते, वर खाऊ घालण्याचे पुण्य पदरात पडते. मला हा हिशेब पूर्वी फार सोयीचा वाटे. आता त्यात कुत्रा कुठे आहे ते दिसत नाही. तो आपल्या पापपुण्याच्या मधली एक मोरी झाला आहे.

१९७४ साली गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा या भागांत जे झाले, ते या संदर्भात कोणीही विसरू नये. मका काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला आणि कणसांवर बुरशी चढली. आदिवासी घरांत दुसरे धान्य नव्हते. तोच मका दळला गेला. माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी साचले, आणि शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही कावीळ झाली, त्यांच्याही पोटात पाणी साचले, तीही मेली. बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष ते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीतून एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा ते प्रथम माणसाच्या ध्यानात आले होते. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पुरते जात नाही. अमेरिकेतही २०२०च्या अखेरीस बाजारी कुत्र्यांच्या खाद्यात ते निघाले आणि शंभराहून अधिक कुत्री मेल्याची नोंद झाली. तेव्हा दुकानाचे ते निर्धोक असेही नाही. पण मला पुन्हा पुन्हा आठवतात ती पंचमहालातली घरे. तिथे माणसाने कुत्र्याला बुरसटलेले घालून स्वतः चांगले खाल्ले नाही. एकाच भाकरीचे तुकडे दोघांनी खाल्ले. तिथल्या अज्ञानाला मी अपराध म्हणू शकत नाही. त्यांना निवड नव्हती. मला होती, माझ्या फळीवर अठरा डबे होते.

आणि इथेच दुसरा आक्षेप येतो, तोही मी टाळू इच्छीत नाही. अठरा डबे असलेल्या बाईने कुत्र्यासाठी वेगळे रांधावे, हे शोभते का? आमचा वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत घातला. सोयाबीनला भाव नाही म्हणून डोक्याला हात लावून बसलेली माणसे माझ्या गल्लीत आहेत. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत डबा न आणणारी दोन-चार मुले नेहमी असतात. कोणाच्या तरी डब्यात त्यांची सोय होते. या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणते की, मी कुत्र्याला अधिक घालू पाहत नाही, निराळे घालू पाहते. लाडवापेक्षा भोपळा स्वस्त आहे. दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात केवढा वाद झाला. त्यांना कुठे खाऊ घालावे आणि कुठे घालू नये, याचे आदेश निघाले. काय घालावे हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

पावसाळ्यात शाळेत एक प्रसंग घडला. फाटकाशी एक काळी कुत्री येऊन बसते. पहिलीतला एक मुलगा आपल्या डब्यातली भाकर मोडून, तिच्यात कांद्याची चटणी भरून तिला घालीत होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तो घाबरला. मग हळूच म्हणाला, "बाई, माह्या वाटणीची हाय." त्याला वाटले, मी त्याला अन्न वाया घालवल्याबद्दल रागावते आहे. त्याच्या डब्यात एकच भाकर होती. मी गेले वर्षभर इतके वाचले, इतका विचार केला, पण त्या क्षणी त्या पोराला काय सांगावे ते मला सुचेना. देऊ नको म्हणावे तर त्याच्या हातून एक मोठी गोष्ट माझ्याच तोंडाने मोडली जात होती. दे म्हणावे तर मोत्या डोळ्यांपुढे येत होता. शेवटी मी खाली बसले आणि त्याच्याबरोबर भाकरीवरची चटणी पुसून काढली. कोरडी भाकर त्याने कुत्रीला दिली, चटणी बोटाने चाटून टाकली आणि मला विचारले, "तिले कांदा आवडत नाई?" मी म्हटले, "आवडतो. पण तिला सोसत नाही." तो विचार करीत वर्गात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आईकडून चटणी वेगळ्या कागदात बांधून आणली होती.

यंदा आमच्या घरी पुन्हा एक पिल्लू आले आहे. मुलीने आणले. मी नको म्हणत होते. तिने त्याचे नाव ठेवले नाही. दिवाळीनंतर ठेवू म्हणते. का, ते मी विचारले नाही. आपली नरकचतुर्दशी ज्या दिवशी, त्याच दिवशी नेपाळात कुत्र्यांना टिळा लावून, गळ्यात माळ घालून खाऊ घालतात, हे तिने शाळेत कुठे तरी ऐकले आणि हट्ट धरला की पिल्लासाठी आपण घरीच खाऊ करायचा, लाडवांच्या आधी.

मग आम्ही दोघी फळीसमोर उभ्या राहिलो. ती एकेक डबा काढी आणि मला विचारी. रवा? चालेल, पण त्याला तूप-साखर नको. बेदाणे? तिने तो डबा स्वतःच मागे सारला, मला न विचारता. काजू? तेलकट, राहू दे. शेंगदाणे? ताजे, बिनमिठाचे आणि एकेक फोडून पाहिलेले असतील तर चिमूटभर कूट. गूळ? मला ती म्हातारी आठवली, नको. मीठ, नको. जायफळ, नको. चिंच, नको. दूध? पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही, पाण्यात भिजवू. सोयाबीन आमच्या जिल्ह्यात घरोघर, पण कच्चे ते माणसालाही पचत नाही, राहू दे. फळीवरचे डबे एकामागून एक परत जात राहिले आणि ओट्यावर जे उरले, ते पाहून मला हसू आले. ज्वारीचे पीठ, लाल भोपळ्याची फोड, ज्याला आमच्याकडे कोहळे म्हणतात, आणि एक अंडे. माझ्या आजीच्या घरात कोणत्याही दिवशी सापडले असते एवढेच.

भोपळा वाफवून कुस्करला, अंडे उकडून किसले, पिठात मळून रुपयाएवढ्या चपट्या टिकल्या थापल्या आणि तव्यावर मंद आचेवर कडक होईपर्यंत ठेवल्या. डॉक्टरांनी बजावले होते की, हा खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नका, आणि पहिल्या दिवशी एकच देऊन पाहा. मुलीने टिकल्या ताटात ओळीने मांडल्या. बोट उचलून ती क्षणभर थांबली; प्रत्येकीच्या माथ्यावर काही तरी लावायची तिची सवय. मग तिने नुसतेच बोट दाबून खळगा केला.

टिकल्या निवायला ठेवल्या होत्या तेवढ्यात आजी आल्या. दिवाळीचा पहिला घाणा म्हणून त्यांनी सवयीने ताटातली एक उचलली, तोंडात टाकली, दोन दातांनी बराच वेळ चावली आणि माझ्याकडे पाहिले.

"बाई," त्या म्हणाल्या, "मीठ इसरल्या तुमी याच्यात."